चिंधी सुटलेली गाय

गोठ्यात शिरताच धाकट्या सुनेची नजर गाईच्या पायाकडे गेली. सुजलेल्या कासेच्या गाईला औषधाच्या सुया चालू होत्या, म्हणून तिच्या पायाला हिनेच लाल चिंधी बांधली होती. चिंधी आहे तोवर त्या गाईचं दूध केंद्रावर घालायचं नाही, ओतून द्यायचं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. आणि आता पाय मोकळा होता.

"आई, चिंधी कुठंय?"

"काचत होती गं बिचारीला. मीच सोडली," सासूबाई म्हणाल्या. "धार काढून तुझा नवरा गेलासुद्धा."

सासूबाईंची माया नको तिथे उतू जायची. धाकटी अनवाणीच धावली.

केंद्रावर नवरा रिकामी किटली विसळत होता. दूध गावाच्या टाकीत पडलं होतं आणि वळणावर टँकरचा भोंगा वाजत होता. केंद्र सांभाळणाऱ्या थोरल्या दिरांना तिने बाजूला घेतलं.

"भाऊजी, टाकीतलं दूध ओतून द्या. शेजारच्या गावाच्या दुधात औषध सापडलं तेव्हा त्यांचं केंद्रच बंद झालं ना?"

"एवढ्या दुधात तुमची एक किटली कुणाला कळतेय? तोंड मिटून घरी जा."

ती दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. गप्प बसायची लाज वाटत होती आणि बोलायची भीती. टँकरवाला नळी ओढत आला, तशी ती तोटीपुढे उभी राहिली आणि दूध घालायला आलेल्या सगळ्यांसमोर सांगून मोकळी झाली.

शेजारीण तिच्या अंगावरच आली. "तुमच्या घरच्या लाडापायी आमचं दूध गटारात घालायचं?"

"पुरे कर," मागून सुतारकाका म्हणाले. "माझ्याही गाईला कालच सुई दिलीय. दूध घातलंय मी."

शेजारणीचा आवाज एकदम उतरला. "चिंधी बांधून बसलं तर भाजी कशावर आणायची? मी तर बांधतच नाही."

बाकीचे आपापल्या किटल्यांकडे बघत राहिले.

"आणि घरी पोरांना कुठलं देता?" धाकटीने विचारलं.

"त्यांना दुसऱ्या गाईचं काढून ठेवते," शेजारीण म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं.

धाकटीने तोटी उघडून दूध गटारात सोडलं. कुणीही तिचा हात धरला नाही.