बाटली कुणाची

"अगं बाई, ही कुणाची म्हणायची?"

सोजरबाई फ्रिजचं दार धरून उभ्या होत्या. जेवणाआधीची सुई टोचून झाली, इन्सुलिनची कुपी थंड जागी ठेवायला म्हणून गेल्या, आणि दुधाच्या पातेल्यामागची पांढऱ्या वाईनची बाटली हाताला लागली. झालं! नात द्यायची म्हणून अकलूजहून सोलापूरला घर बघायला आलेली मंडळी, सोबत खुद्द नात पायल, ताटं वाढलेली, आणि नवऱ्या मुलाच्या, अमृतच्या, घरात निघाली बाटली.

पायलचे वडील आबासाहेब यांनी ती उजेडात धरली. "अर्धी संपलीया की."

"माझी आहे," अमृत पटकन म्हणाला.

त्याच्या आईने, चिमाबाईंनी, चमकून त्याच्याकडे पाहिलं. पोराने आजवर सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नव्हतं. पायल त्याला मनापासून आवडली होती, आठवडाभर गडी शीळ घालत कारखान्यात जात होता. आणि आता आईची अब्रू झाकायला निघालाय, शहाणा कुठला!

बाटली चिमाबाईंची होती. दवाखान्यात मावशी म्हणून आजाऱ्यांची अंथरुणं बदलून त्यांची कंबर ढिली झाली होती. एका सिस्टरच्या निरोपाच्या जेवणात त्यांनी ही वाईन चाखली, ती आवडली. तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी आंघोळ करून त्या जेवायला बसायच्या. भाकरी, उजनीचा तळलेला मासा आणि फुलपात्रभर वाईन. दुकानातली सगळ्यात स्वस्त. अमृतच आणून द्यायचा. आवडते म्हणून घ्यायच्या, दुसरं कारण नव्हतं.

"खोटं बोलतोय तो. माजी हाय ती," चिमाबाई म्हणाल्या.

आबासाहेब कसंनुसं हसले. "आईच तुमी. पोराचं झाकणारच."

"न्हाय ओ, खरंच माजी. दर रविवारी माशासंगं घेते."

"ऱ्हाऊ द्या, ताई. थोरलीचं वाटोळं झालं ह्याच पायी. धाकटी न्हाय द्यायची मी पिणाऱ्याला." ते उठायच्या बेतात होते. पायल खाली मान घालून बसली होती.

आता बोलून काय उपयोग? चिमाबाईंनी मांडणीवरचं फुलपात्र घेतलं, बाटलीतून वाईन ओतली आणि पाहुण्यांसमोर स्वतःचं ताट ओढून बसल्या. जन्मात कधी पाहुण्यांच्या आधी घास घेतला नव्हता. भाकरीचा तुकडा मोडून आमटीत बुडवला, खाल्ला, वर एक घोट घेतला. तो जिभेवर घोळवला, मग गिळला. सवयीने डोळे अर्धवट मिटले.

सोजरबाई टक लावून बघत होत्या. "तिचीच हाय, आबा. तोंड तरी वाकडं केलं का तिनं? चव घेतीया बघ."

आबासाहेब अमृतकडे वळले. "मग तू रं कशाला खोटं बोललास?"

"आई आहे माझी," अमृत म्हणाला.

आबासाहेब पुन्हा मांडी घालून बसले. ताट पुढे ओढून जेवू लागले. चिमाबाईंकडे न बघताच म्हणाले, "पोरगं सोन्यावानी हाय, ताई. पण आमची लेक हितं नांदायला आली, की हे बंद व्हाया पायजे."

चिमाबाईंनी पोराकडे पाहिलं. "व्हय. बंद करते," त्या म्हणाल्या आणि अर्धं भरलेलं फुलपात्र बाजूला सारलं. वाईट वाटलं, लई वाईट वाटलं. पण आता पोराचं जमत होतं ना!

जेवणं झाली. चिमाबाई नको नको म्हणत असतानाही पायलने ताटं आत नेली, फुलपात्रही नेलं. मोरीत पाण्याचा आवाज आला. ओतून टाकली असणार, चिमाबाईंनी मनात म्हटलं. बरोबरच आहे पोरीचं.

निघताना सोजरबाईंनी कुपी मागितली. चिमाबाईंनी फ्रिज उघडला. कुपीशेजारी त्यांचं फुलपात्र होतं, वर बशी झाकलेली. बशी उचलून पाहिली. वाईन होती तेवढीच होती.

मागे पायल उभी होती. "काकू, रविवारी मासा कुठला आणता?" तिने हळूच विचारलं.

"उजनीचा," चिमाबाई म्हणाल्या. त्यांनी बशी पुन्हा नीट झाकली, कुपी घेतली आणि फ्रिजचं दार लावलं.