मुलींच्या बाजूची गळती

धार काढताना फोन घेऊ नये, असं सासूने दूधवालीला कितीदा बजावलं होतं. पण फोन वाजला की तिच्याच्याने राहवायचं नाही. त्या सकाळीही तिने तो कान आणि खांद्याच्या मध्ये चिमटून धरला आणि हात चालूच ठेवले.

"शाळा समितीच्या अध्यक्ष बोलताय का?" पलीकडून एका बाईचा आवाज आला.

"बोला, मीच."

अध्यक्षपद तिच्या गळ्यात कसं पडलं, ती एक गंमतच होती. समिती निवडायच्या सभेला ती एकटीच वेळेवर गेली होती. बाकीचे डुलत डुलत पोहोचले तोवर गुरुजींनी तिचं नाव लिहूनही टाकलं होतं. तेव्हापासून गावात तिला कोणी दूधवाली म्हणेना, सगळे अध्यक्षीण म्हणायला लागले. पहिल्यांदा थट्टेने, आणि मग सवयीने.

"मी शिक्षण खात्यातून बोलते," बाई म्हणाल्या. "तुमच्या शाळेला यंदा पाचवीचा वर्ग हवाय ना? मंजुरीआधी थोडी माहिती घ्यायची होती. गुरुजींचा फोन लागत नाही."

"गुरुजी ट्रेनिंगला गेलेत. मला विचारा. शाळेचं मला सगळं ठाऊक आहे."

"मला सांगा, शाळेत गळती आहे का?"

अध्यक्षिणीचे हात थांबले. इतक्या वर्षांत सरकारने पहिल्यांदाच मुद्द्याचं काहीतरी विचारलं होतं.

"आहे की. भरपूर आहे."

"कुठल्या वर्गात जास्त?"

"चौथीच्या. त्यातही मुलींच्या बाजूला. मुलांकडे तेवढी नाही."

"अच्छा. वर्षभर असते?"

"छे, पाऊस सुरू झाला की वाढते."

"म्हणजे शेतीच्या कामांमुळे?"

"नाहीतर काय. त्या दिवसांत गावात कोणाला वेळ असतो लक्ष द्यायला?"

"आणि पालकांना त्याचं काहीच वाटत नाही?"

"वाटतं हो, पण अंगवळणी पडलंय. आम्ही शिकत होतो तेव्हापासूनचं आहे हे. आता वरच्यांनीच काहीतरी केलं पाहिजे."

बाईंनी ते सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही फारच मोकळेपणाने बोललात. सहसा कोणी कबूल करत नाही."

"खोटं कशाला बोलायचं?" असं म्हणून अध्यक्षिणीने फोन ठेवला आणि त्या आनंदात गाईची पाठ थोपटली. गाईला काही कळलं नाही, पण सासूला कळावं म्हणून ती मोठ्याने म्हणाली, "आत्या, छप्पर होतंय शाळेचं. आणि पाचवीसुद्धा."

आता पाचवीसाठी तिचा जीव एवढा का टांगणीला लागला होता, ते सांगायला हवं. गावची शाळा चौथीपर्यंत. पाचवी ओढ्यापलीकडच्या गावात. वाट लांबची, मध्ये रान, आणि पावसात ओढा भरला की चार चार दिवस पलीकडे जायची सोय नाही. त्यामुळे चौथी झाली की गावातली पोरं दप्तर खुंटीला लावायची. ती स्वतः तशीच घरी बसली होती. वर्गात पहिली आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी बापाने तिच्या हातात गाईची दोरी दिली. बापावर तिचा राग नव्हता. पण कुठे पुढे शिकलेली बाई भेटली की आपलं काहीतरी राहून गेलंय, असं तिला वाटायचंच. आता तिची पोरगी चौथीत होती. नाव काहीही असो, सगळं गाव तिला भिंगरी म्हणायचं, कारण ती एका जागी ठरायची नाही. ही भिंगरी घरात बसली तर घराचं काय होईल आणि तिचं काय होईल, या विचाराने आईची झोप उडाली होती. अशात गुरुजींनी खबर आणली की सरकार यंदा लहान गावांच्या शाळांनाही पाचवी देणार आहे. तेव्हापासून तिने गुरुजींच्या मागे लागून लागून त्यांना अर्ज करायला लावला होता.

ट्रेनिंगहून गुरुजी परत आले ते तोंड पाडूनच. थेट गोठ्यात येऊन उभे राहिले.

"अध्यक्षीणबाई, फोनवर काय बोललात तुम्ही?"

"खरं तेच बोलले. गळती आहे म्हणाले."

गुरुजींनी कपाळाला हात लावला. "अहो, ट्रेनिंगला भर सभेत साहेबांनी आपल्या शाळेचं नाव घेतलं सगळ्यांसमोर. मुली शाळा सोडतात, पालकांना पर्वा नाही, आणि गावाला त्याची लाजही वाटत नाही. पाचवी तर गेलीच, वर चौकशी लागली."

"पण मी तर कौलांचं बोलत होते."

"खात्याच्या भाषेत गळती म्हणजे पोरं शाळेतून गळतात ती."

"पोरं गळतात?" दूध न्यायला आलेला शिंपी मध्येच बोलला. तोही समितीवर होता आणि सगळ्याच बाबतीत त्याला मत होतं. "पोरं म्हणजे काय पिकलेली फळं आहेत का गळायला? वहिनी, चूक तुमची नाही. पण पाचवी घालवलीत बरं का."

चूक तुमची नाही म्हणत त्याने ती बरोबर तिच्याच पदरात टाकली होती. अध्यक्षीण एरवी त्याचं एक ऐकून घ्यायची नाही, त्या दिवशी तिने नुसतं त्याचं दूध मापून दिलं. आपल्याच तोंडाने आपण पोरीची वाट बंद केली, हे तिला इतकं लागलं की दुपारी जेवणही गेलं नाही. सासूने भाकरी पुढे सरकवली आणि म्हणाली, "बोलून बिघडलंय ना? मग बोलूनच नीट कर. उपाशी राहून काय होणार आहे?"

चौकशीला फोनवरच्याच मॅडम सोमवारी येणार असं कळलं आणि गाव कामाला लागलं. शिंपी पुढारी झाला. मॅडमवर छाप पडली पाहिजे म्हणून त्याने शाळेच्या भिंतींना चुना मारून घेतला. गळक्या पाण्याचे वर्षानुवर्षांचे पिवळे डाग सगळे पुसले गेले. कोपऱ्यातल्या बादल्या आणि टोपली त्याने कपाटात कोंबली. एवढ्यावर थांबला असता तर तो शिंपी कसला. वर्ग गच्च भरलेला दिसावा म्हणून त्याने अंगणातली रांगती पोरं पहिलीत बसवली आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्या आपल्या पुतण्याला तिसरीत.

मॅडम आल्या. वयाने फार मोठ्या नव्हत्या, पण नजर धारदार. वर्गात शिरल्या आणि पहिल्यांदा पुतण्यापाशीच थांबल्या. त्याचे गुडघे बाकात मावत नव्हते आणि मिसरूड चांगलंच काळंभोर होतं.

"तू कितवीत?"

"तिसरीत," पुतण्या म्हणाला. आवाज तर इतका घोगरा की पहिलीतलं एक तान्हं रडायला लागलं.

मॅडमचा आवाज चढला. "गुरुजी, मुलं गळाली आहेत हे लपवायला तुम्ही माणसं भाड्याने आणलीत?"

गुरुजींची पाचावर धारण बसली. शिंपी दारातून हळूच मागे सरकला. अध्यक्षीण मात्र पुढे झाली.

"ए, ऊठ तू. जा तुझ्या ट्रॅक्टरवर," ती पुतण्याला म्हणाली. "आणि ही लेकरं ज्याची त्याने उचला. मॅडम, हा मूर्खपणा आमचा आहे. पण पोर एकही गळालेलं नाही. फोनवर मी सांगितली ती गळती छपराची होती. मुलींच्या बाजूची कौलं फुटलीत."

"आता छप्पर आठवलं होय?" मॅडमनी वर पाहिलं. पांढरीशुभ्र भिंत, वर कोरडी कौलं, बाहेर लख्ख ऊन. "कुठे दिसतेय गळती? एक डागसुद्धा नाही."

अध्यक्षिणीने शिंप्याला शोधलं, पण तो दिसेल कसा. बोलून नीट कर म्हणणं सोपं होतं. शब्दानेच घात केला होता आणि आता शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नव्हतं. ती तशीच वळली आणि बाहेर गेली. मॅडमना वाटलं, पळाली.

थोड्या वेळाने छपरावर धप् आवाज झाला. ती दुधाच्या कॅनमध्ये हौदाचं पाणी भरून शिडीने वर चढली होती. "आत लक्ष असू द्या," असं वरून ओरडली आणि कॅन उपडा केला.

आधी एक थेंब पडला. मग दुसरा. मग मुलींच्या बाजूला सरीच सुरू झाल्या आणि त्यातली एक मॅडमच्या मानेवरून पाठीत उतरली. मॅडम किंचाळल्या. पण खरी गंमत पुढेच होती. मुलींपैकी एकही दचकली नाही. पहिल्या थेंबालाच सगळ्यांनी दप्तरं डावीकडे ओढली, पाय वर घेतले, दोघींनी मधली जागा मोकळी केली. भिंगरी उठली, कपाट उघडून बादली काढली, बरोबर धारेखाली ठेवली आणि जागेवर येऊन पुन्हा पाढा म्हणायला लागली. कोणी कोणाला काही सांगितलं नाही.

मॅडम भिजलेली मान पुसत पोरींकडे बघत राहिल्या. "हे रोज करता तुम्ही?"

"रोज कुठे," भिंगरी म्हणाली. "पाऊस असला की. मॅडम, तुम्ही पण इकडे सरका. अजून एक धार यायची आहे, ती जरा उशिरा येते."

ती आली, आणि मॅडम हसायला लागल्या. हसता हसता बाकावर बसल्या, तोही ओलाच होता. मग त्यांनी एकेका मुलीला नावाने उठवलं, हजेरी ताडून पाहिली, घरी कोण कोण असतं ते विचारलं. एकही पोर गळालेलं नव्हतं.

अध्यक्षीण शिडीवरून उतरून दारात उभी राहिली. तिच्या हातात रिकामा कॅन होता.

"तुमचं खरं आहे," मॅडम म्हणाल्या. "पण आता मी अडचणीत आले. पोरं गळत असती तर त्यासाठी योजना आहे. छपरासाठी माझ्या खात्यात काही नाही, ते दुसऱ्या खात्याचं काम. आणि पाचवी द्यायची तर खोली कोरडी हवी."

"खोली कोरडी झाली तर पाचवी नक्की?"

"माझा शब्द."

"शब्दाचं मला सांगू नका मॅडम, एकदा पोळलेय मी," अध्यक्षीण म्हणाली, "पण तुमच्यावर ठेवते विश्वास."

मग गावानेच वर्गणी काढून छपराला हात घातला. भट्टीवरून कौलं आणायला पुतण्याचा ट्रॅक्टर गेला. तिसरीतून नाव कापल्याचं त्याला फार वाईट वाटलं नव्हतं. शिंप्याला अध्यक्षिणीने सगळ्यात उंच जागी बसवलं, जिथून खाली उतरून सल्ले द्यायला येता येणार नाही. तिथूनही त्याने दिलेच. पण कौलं चांगली बसली, हे नाकारता येणार नाही. मॅडम येऊन खोली पाहून गेल्या, आणि सुट्टी संपून शाळा पुन्हा सुरू व्हायच्या आत मंजुरी आली. त्या संध्याकाळी अध्यक्षीण गोठ्यात एकटीच हसत होती आणि मध्येच डोळे पुसत होती. सासूने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

पाचवीचा पहिला दिवस उजाडला. भिंगरी सकाळपासून दारात तयार. दूध घालायला निघालेली आई तिला शाळेत सोडून पुढे जाणार होती. पण आत गुरुजींनी नवं पुस्तक उघडलं आणि पहिला धडा वाचायला लागले, तशी ती खिडकीशी थांबली. थोडंसं ऐकून जाऊ म्हणाली मनाशी, आणि कॅन खाली ठेवला.

तिकडे गावात चहा अडला. दूध का येईना म्हणून शिंपी शोधत आला. "वहिनी, दूध..." एवढं बोलला आणि आतला आवाज कानावर पडून गप्प झाला. चौथीनंतर तोही घरीच बसला होता. तो बाजूला उभा राहिला. त्याला शोधत त्याची बायको आली, तिच्यामागे कौलवाला आला, सासू काठी टेकत आली. ट्रॅक्टर रस्त्यात उभा करून पुतण्या आला. सगळे एकमेकांच्या खांद्यावरून आत बघत होते.

"खिडकी सोडा हो," आतून गुरुजी म्हणाले. "पोरांचा उजेड अडतोय."

माणसं जराशी इकडेतिकडे सरकली. गेलं मात्र कोणीच नाही.

गुरुजींनी खिडकीकडे नीट पाहिलं. मग उठून दिवा लावला, पुस्तकाचं पान मागे उलटलं आणि धडा पुन्हा पहिल्यापासून, जरा मोठ्या आवाजात, वाचायला घेतला.