धारवाडचं बियाणं, वाशीमची माती

लिला तायडे वाशीमच्या ज्वारी केंद्रावर कामाला लागली, तेव्हा त्या केंद्राजवळ चांगली काळी जमीन होती आणि बाकी फारसं काही नव्हतं. वाशीम तेव्हा तालुक्याचं गाव. केंद्रात टेलिफोन नव्हता, मायक्रोस्कोप नव्हता. शेतकी कॉलेजात शिकलेली तिच्या घराण्यातली ती पहिलीच. वडील कारंज्याच्या बाजारात हमाली करायचे. मुलगी ज्वारीची डॉक्टर झाली आहे, असं ते लोकांना सांगत.

काम असं होतं: देशातल्या अनेक केंद्रांवर एकाच वाणाची ज्वारी एकाच पद्धतीनं पेरायची, आणि कुठे काय झालं ते एकमेकांना कळवायचं. शहात्तर सालच्या पावसाळ्यात ज्या नव्या वाणावर सगळ्यांची नजर होती, तो धारवाडजवळच्या एका लहान केंद्रात हिरेमठ नावाच्या माणसानं तयार केला होता. आयुष्यातली बरीच वर्षं त्यानं त्यात घातली होती. लिलानं त्याला कधी पाहिलं नव्हतं. पोस्टातून ट्रंक कॉल लावला की खरखरीतून येणारा जाड, सावकाश आवाज, एवढीच तिची त्याची ओळख.

सगळीकडे ते पीक जोमात होतं. लिलाच्या शेतात मात्र पानं पिवळी पडून पांढुरक्या पट्ट्या आल्या. झाडं खुजी राहिली. तिला केवडा या बुरशीसारख्या रोगाचा संशय आला. तिनं या प्रयोगाच्या मुख्य केंद्राला कळवलं, तर उत्तर आलं की बाकी कुठेही रोग नाही, पेरणीत हयगय झालेली दिसते, वाशीमचे आकडे यंदा धरले जाणार नाहीत.

ते वाचून तिला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ती पोस्टात जाऊन बसली. हिरेमठांना सांगणं सगळ्यात अवघड होतं, कारण वाण त्यांचा होता.

तिचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तायडेबाई, तुमचं बियाणं वाटेत भिजलं असेल का हो?"

"नाही सर. पिशवी कोरडी होती."

"मग असं करू. मी माझ्याजवळचं बियाणं तुम्हाला पाठवतो, तुमचं उरलेलं मला पाठवा. दोघंही दोन्ही बियाणी आपापल्या मातीत, कुंडीत लावू. आणि तुमच्याकडची थोडी माती पण पाठवा."

"माती नाही पाठवणार सर. हा रोग मातीतून जातो. तुमच्याकडे पोचला तर?"

पलीकडून हसल्याचा आवाज आला. "बरोबर आहे. माती तुमची तुमच्याकडेच राहू द्या."

बियाण्याच्या पिशव्या रेल्वे पार्सलनं गेल्या, आल्या. कुंड्यांत ज्वारी उगवली. आता खात्री करायला मायक्रोस्कोप हवा होता. केवड्याचे बीजाणू पहाटेच्या ओलीत पानाच्या खालच्या बाजूला धरतात आणि ऊन चढलं की सुकून जातात. पान दुसरीकडे पाठवून उपयोग नव्हता. गावात मायक्रोस्कोप एकच होता, सरकारी दवाखान्यात. तिथले तंत्रज्ञ उकंडराव रक्ताच्या काचांचे ढीग पुढ्यात घेऊन बसले होते. त्या वर्षी हिवतापानं कहर केला होता.

"भाऊ, मले रोज सकाळी थोडा वेळ हा मायक्रोस्कोप पायजे," लिला म्हणाली.

"कायले?"

"ज्वारीचा रोग पाहाले."

उकंडरावांनी डोळे चोळले. "बाई, मानोऱ्याकडच्या तांड्यायवरून काचा येऊनच राह्यल्या. लेकरं तापानं फणफणून राह्यली अन् तुमी ज्वारीचं म्हणता."

लिलाला राग आला नाही. तिचा धाकटा भाऊ गेल्याच वर्षी तापानं आजारी होता. ती म्हणाली, "मग मले काचा पाहाले शिकवा. दुपारून मी तुमच्या काचा पाह्यतो. सकाळी मायक्रोस्कोप रिकामाच असते."

उकंडरावांनी लगेच हो म्हटलं नाही. तिला एक काच पाहायला दिली, काय दिसतं ते विचारलं. तिला धड सांगता आलं नाही. त्यांनी पुन्हा दाखवलं. सुरुवातीला तिची प्रत्येक काच ते स्वतः परत तपासायचे. पुढे पुढे शंका असलेलीच तपासू लागले. लिला शेतातून सायकलीनं यायची आणि दवाखाना बंद होईपर्यंत काचा पाहायची. एकदा एका काचेत तिला जंतू दिसले, तेव्हा तिनं मान वर केली. ज्या पोरीचं रक्त होतं ती दाराशीच आईच्या मांडीवर झोपलेली होती. त्या दिवशी ज्वारीचं तिला काही सुचलं नाही.

कुंड्यांतल्या पानांवर पट्ट्या दिसल्या तसं तिनं हिरेमठांना कळवलं. त्यांनी सुचवलं की एकाच सकाळी दोघांनी पाहावं, आणि फोनवरच सांगावं. दवाखान्याच्या डॉक्टरांनी आपल्या खोलीतला फोन वापरू दिला. लिलानं आदल्या रात्री पानं ओल्या फडक्यात ठेवली होती. उजाडता उजाडता ती दवाखान्यात पोचली, तर उकंडराव आधीच येऊन मायक्रोस्कोपचा आरसा पुसत होते.

कॉल लागला. उकंडराव मधलं दार उघडं धरून उभे राहिले, कारण मायक्रोस्कोप एका खोलीत आणि फोन दुसऱ्या खोलीत होता.

"माझ्याकडे दोन्ही बियाण्यांची पानं स्वच्छ आहेत," हिरेमठ म्हणाले. "तुमचं सांगा."

रिसीव्हर टेबलावर ठेवून लिला मायक्रोस्कोपपाशी गेली आणि काच लावली. चाक फिरवलं. धूसर दिसणारं हळूहळू स्पष्ट झालं. बारीक फांद्या फुटलेली झुडपं दिसत होती, आणि फांदीच्या टोकाटोकाला गोल बीजाणू.

ती फोनकडे आली. "सर, केवडाच आहे."

"कोणत्या कुंडीत?"

"दोन्ही."

"मी पाठवलेल्या बियाण्याच्या पण?"

"हो सर."

"थांबा, लिहून घेतो."

"म्हणजे पेरणी तुमची चुकलेली नाही," हिरेमठ म्हणाले. "तुमच्या मातीतला रोग माझ्या वाणाला झेपत नाही. ते मी मुख्य केंद्राला कळवतो. मीच कळवलं पाहिजे."

"सर, मले..." ती अडखळली, मग सावरून म्हणाली, "मला वाईट वाटतं."

"मलाही वाटतंय. पण हा वाण तुमच्या भागात लोकांनी पेरला असता, मग काय झालं असतं ते बघा."

सुगीच्या आधी हिरेमठ स्वतः वाशीमला आले. स्टेशनवर लिला एका उंच, रुबाबदार माणसाला शोधत होती. आवाजावरून तिनं तसा माणूस मनात धरला होता. तिच्यापुढे येऊन उभा राहिला तो ठेंगणा, पिकल्या केसांचा, हातात पिशवी घेतलेला गृहस्थ. "तायडेबाई ना?" त्यानं विचारलं, आणि तिला ओळख पटली.

शेतात ते रोगट झाडांपाशी बराच वेळ उकिडवे बसून राहिले. एक पान हातात घेऊन उन्हात धरलं. लिला शेजारी उभी होती. बांधाजवळ तिनं गावरान ज्वारीच्या काही ओळी लावल्या होत्या. तिकडे त्यांची नजर गेली.

"हिला लागला नाही?"

"नाही सर. उंच होते, उशिरा पिकते, दाणा कमी. पण रोग नाही."

"कुठून आणलीत?"

"मानोऱ्याच्या बाजूला आमच्या आत्याचं वावर आहे. तिथून."

ते उठून त्या ओळींत शिरले. कणसं हातानं चाचपत शेवटपर्यंत गेले.

त्या वर्षीच्या बैठकीत वाशीमचे आकडे धरले गेले. हिरेमठांनी आपला वाण या भागासाठी मागे घेतला आणि अहवालावर लिलाचं नाव आपल्या आधी घातलं. त्यांच्या वाणाचा आणि गावरान ज्वारीचा संकर करायला दोघांनी पुढच्या हंगामापासून सुरुवात केली. अर्धं काम धारवाडला, अर्धं वाशीमला, आणि मध्ये ट्रंक कॉल. पहिल्या पिढ्या निराशाजनक निघाल्या. लिला दुपारी दवाखान्यात जात राहिली. ताप ओसरला तरी काचा येतच होत्या, आणि उकंडरावांनी तिच्यासाठी खिडकीजवळचं स्टूल ठेवून दिलं होतं.