पुसला गेलेला चेहरा

मामांनी उभं आयुष्य दुकानांच्या पाट्या रंगवण्यात घालवलं. शिडीवर उभे राहून, पट्टी न लावता अशी रेघ ओढायचे की गिऱ्हाइकाला रंग वाळायच्या आधीच बोट लावून बघायचा मोह व्हावा. मग एका सकाळी अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात मांडीवर पडला तो पडलाच. अकरा महिन्यांत त्यांनी ब्रशच्या डब्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

भाचा प्रोग्रॅमर. मामा त्याला कौतुकाने 'इंजिनीअर' म्हणत आणि त्यालाही ते गोड लागे. त्याने मनावर घेतलं, की मामांना डाव्या हाताने, माऊसने चित्र काढता येईल असा साधा प्रोग्रॅम करून द्यायचा. एक कोरी खिडकी. बटण दाबून माऊस ओढला की रेघ उमटणार, बटण सोडलं की थांबणार. एकदा लिहिलं की कुठल्याही जातीच्या कॉम्प्युटरवर चालेल, असं साधन त्याने त्यासाठी निवडलं. कारण त्याचा लॅपटॉप नवाकोरा, आणि मामांकडचा कॉम्प्युटर जुनाट, वेगळ्याच घराण्यातला. आपल्या लॅपटॉपवर दहा मिनिटं रेघोट्या ओढून पाहिल्या, सगळं झकास! चित्र जपून ठेवायची सोय नंतर करू म्हणाला, आणि प्रोग्रॅम मामांकडे चढवून मोकळा झाला.

पहिले काही दिवस डाव्या हातातून नुसती गांडुळं निघाली. पण मामा हटले नाहीत. रविवारी भाचा गेला तर पडद्यावर साक्षात मामी! शर्टाला बटण लावत बसलेली, मान खाली, कानामागून बट सुटलेली. रेघ थरथरत होती, पण मामीच होती ती.

"अहो, माझं नाक एवढं मोठं आहे होय?" मामीने विचारलं.

"भीतभीत काढलंय. खरं याहून मोठं आहे."

अकरा महिन्यांनी त्या घरात दोघं एकदम हसली.

तेवढ्यात कॉम्प्युटरने कसलीशी सूचनेची चौकट मध्येच पुढे आणली. मामांनी ती बंद केली. चौकट गेली, आणि तिच्याखालचं चित्रही गेलं. वर अंबाडा, खाली खांदे, आणि मधे चेहऱ्याच्या जागी पांढराफटक चौकोन.

"मी काही दाबलं का रे?" मामांचा आवाज एवढासा झाला.

भाच्याला कारण माहीत नव्हतं, पण एवढं कळत होतं की मामांनी काही केलेलं नाही. अशा वेळी माणसाने देवाचं नाव घ्यावं आणि गप्प राहावं. तो म्हणाला, "लागलं असेल काहीतरी. डावा हात ना, मामा. होतं असं."

मामांनी माऊस हलकेच दूर सारला. "या हाताचं हे असंच," ते मामीला म्हणाले. "एक गेला, दुसरा बिनकामाचा."

त्याच संध्याकाळी भाच्याला चूक सापडली. त्याचा प्रोग्रॅम रेघ ओढायचा आणि विसरून जायचा. पुढची चौकट हटली की कॉम्प्युटर विचारतो, 'इथे काय होतं, पुन्हा काढ.' प्रोग्रॅमकडे उत्तर नव्हतं, म्हणून तो ती जागा पांढरी करून द्यायचा. लॅपटॉप स्वतःच चित्राची आठवण ठेवत होता, म्हणून तिथे हे पाप झाकून राहिलं. रेघेचा प्रत्येक ठिपका यादीत जपायचा आणि विचारलं की यादीवरून सगळं पुन्हा काढायचं, ही शिकाऊ पोरांना पहिल्या आठवड्यात बजावून सांगितलेली गोष्ट. अर्ध्या तासात दुरुस्ती झाली. पण दुरुस्त प्रोग्रॅम घेऊन जायला त्याला आठ दिवस लागले. रोज फोन हातात घ्यायचा आणि खाली ठेवायचा.

शेवटी गेला तो मनात सगळं जुळवूनच. 'नवीन आवृत्ती आणली' म्हणायचं, की झालं.

"मामा, नवीन आवृत्ती आणलीय. बसा."

"नको बाबा. माझ्या हातून तुझं अजून काही बिघडायचं." मामांनी डावा हात उजव्याच्या शेजारी, मांडीवर ठेवला होता.

ते दोन हात बघून भाच्याचं सगळं जुळवलेलं गळून पडलं. "मामा, तुमचा हात कुठेच चुकला नव्हता. चूक माझी होती. मला तेव्हाच कळत होतं, की तुम्ही काही केलं नाहीत. तरी बोललो."

मामांनी डावा हात मांडीवरून उचलून डोळ्यांसमोर धरला.

"चित्र गेलं त्याचं काही नाही," ते म्हणाले. "पण आठ दिवस मी या हाताला शिव्या घातल्या रे. याने एवढी खटपट केली, आणि मी शिव्या घातल्या."

भाच्याला मान वर करता येईना. "बसता का आता?" त्याने कसंबसं विचारलं.

"आज नाही. आज रागावलोय मी. रागात रेघ वाकडी जाते." मग स्वयंपाकघराकडे हनुवटी करून म्हणाले, "जा. तिच्यासमोर मी हाताला बिनकामाचा म्हणालो होतो. तिलाही सांग. माझ्यासमोर नको, एकट्याने जाऊन सांग."

भाचा उठला. दार चार पावलांवर होतं. आत मामी भांडी विसळत होती. उंबऱ्याशी तो थांबला, तिने नळ बंद करून "काय रे?" म्हणेपर्यंत तसाच उभा राहिला, आणि मग पहिल्यापासून सगळं सांगू लागला.