चाबूक कुणाच्या हाती

पहिल्या फटक्याला गोणी नुसती हलली, दुसऱ्याला शिवण उसवली आणि तिसऱ्याला तांदूळ भसकन बाहेर येऊन ऑकलंडच्या मनुरेवा भागातल्या कम्युनिटी हॉलच्या लाकडी जमिनीवर पसरला. समोर खुर्च्या मांडून बसलेली केनियाची मंडळी दर फटक्याला डोळे मिटून घेत होती. पुरुषोत्तम मांडके सरांना नेमकं तेच हवं होतं. त्यांनी कपाळावरचा घाम बाहीला पुसला आणि म्हणाले, "हा आवाज पुस्तकात नसतो. पोरांनी तो ऐकला पाहिजे. इतिहास कानांनी आणि पाठीनं शिकायचा असतो."

चाबूक म्हणजे सर कामाला जात त्या पेनरोजच्या डेपोतून आणलेला, माल बांधायचा नारिंगी पट्टा. खरा किबोको, म्हणजे तिकडचा चाबूक, पाणघोड्याच्या कातड्याचा, तो न्यूझीलंडमध्ये कुठून आणणार? पट्ट्याच्या एका टोकाला लोखंडी हूक होता. हूक मुठीत गच्च धरायचा आणि गाठ मारलेलं दुसरं टोक हाणायचं, असं त्यांनी घरी गॅरेजमध्ये करून करून बसवलं होतं. त्यांच्या पत्नी शकुताई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, की अहो, शेजारी पोलीस बोलावतील. सर ऐकतात कुणाचं!

सरांनी उमेदीची सगळी वर्षं केनियातल्या एका लहानशा गावच्या शाळेत इतिहास शिकवण्यात घालवली होती. साताऱ्याहून नोकरीसाठी गेले ते तिथलेच होऊन राहिले. इंग्रजांच्या काळात गावोगावची माणसं धरून रस्त्याच्या कामावर जुंपत, त्या वेठबिगारीचा धडा ही सरांची खासियत. धडा आला की ते साहेबाची टोपी घालून मैदानात उतरायचे, एका दांडग्या पोराच्या पाठीवर गोणी द्यायचे आणि त्याला पळवत मागून चाबूक ओढायचे. चाबूक गोणीवरच पडायचा. पोराच्या अंगाला कधी ओरखडासुद्धा येऊ दिला नाही, हे ते अभिमानाने सांगायचे. धडा बघायला गावातली मोठी माणसंही कुंपणाशी येऊन उभी राहायची.

मग मुलगा यतीन ऑकलंडला नोकरीला लागला आणि आईवडिलांना घेऊन आला. इथे सरांचं मास्तरकीचं काही जमलं नाही. वय, कागदपत्रं, इंग्रजीचा इथला हेल, सगळंच आडवं आलं. शेवटी पेनरोजच्या डेपोत खोक्यांना लेबलं चिकटवायची नोकरी धरली. 'सर' हा शब्द कानावर पडेनासा झाला, आणि खरं सांगायचं तर माणूस आतून वाळायला लागला.

त्या डेपोत एक दांडगट होता. सरांना बघितलं की त्याचा हात शिवशिवायचा. एक दिवस त्याने येताजाता असा काही धक्का दिला, की सर लाकडी पॅलेटवर तोंडावर आपटले आणि भुवई फुटली. तेवढ्यात मागची फोर्कलिफ्ट कचकन थांबली. तिच्यावरून एक उंच काळा माणूस उतरला आणि त्याने एका बुक्कीत त्या दांडगटाचं नाक फोडलं. तो खाली पडल्यावर पोटात लाथही घातली. तुझा काय संबंध, असं मॅनेजरने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "हे माझे म्वालिमू आहेत. माझे मास्तर." तो किमानी होता, सरांच्या शाळेत सगळ्यात जास्त वेळा गोणी उचललेला. नोकरी जाता जाता राहिली, पण त्याला त्याचं काही नव्हतं. त्या दिवसापासून सकाळी सरांना घरून न्यायचं आणि संध्याकाळी आणून सोडायचं, हे त्याने स्वतःहून अंगावर घेतलं.

आजची सभाही त्यानेच घडवून आणली होती. इथल्या केनियाच्या कुटुंबांनी मिळून त्याच गावच्या शाळेला दोन नवे वर्ग बांधून दिले होते, आणि इंग्रजांच्या राज्याचा धडा मुलांना कसा शिकवायचा ते आम्ही ठरवू, असं शाळेला कळवलं होतं. आज ते ठरणार होतं. सरांची रीत मंजूर झाली, तर एका सत्रासाठी सर केनियाला जाणार आणि तिथल्या नव्या मास्तरांना हा धडा शिकवणार. पुन्हा फळा, पुन्हा मैदान, पुन्हा म्वालिमू. गेले कित्येक दिवस सरांना दुसरं काही सुचत नव्हतं. जुना कोट त्यांनी ड्रायक्लीनिंगलासुद्धा देऊन ठेवला होता.

घरात मात्र कुणाला त्याचं कौतुक नव्हतं. नात श्रिया सांगत होती, की शाळेने त्यांना बसने इथल्या एका जुन्या लढाईच्या जागी नेलं, माओरी बाईंनी तिथे कोण कोण मेलं त्यांची नावं घेतली आणि सगळे नुसते उभे राहिले. सर हसले. नुसतं उभं राहून काय कळतं? श्रिया म्हणाली, "Heaps, Ajoba. I cried." शकुताई भाजी निवडत म्हणाल्या, "तुमच्या त्या पोरांच्या काय लक्षात राहिलं असेल हो, इतिहास की पट्टा?" सरांनी त्यावर टीव्हीचा आवाज वाढवला.

हॉलमध्येही विरोधात एक जण होतीच. वांबुई, इस्पितळात नर्स, रोज मार खाऊन आलेली माणसं बघणारी. ती उभी राहून शांतपणे बोलली. तिचं म्हणणं असं, की आमच्या गावातली मुलं घरी काय कमी मार खातात? वर्गात जो साहेब होतो त्याला ते आवडायला लागतं, आणि जो गोणी उचलतो त्याची मान वर्षभर खाली राहते. हे ऐकल्याबरोबर किमानी उठला. म्हणाला, "मी उचलली होती. माझी मान बघ." सगळे हसले आणि सरांच्या छातीत ऊब आली. आता पारडं आपल्याकडे झुकलं, असं त्यांना वाटलं.

किमानीने दुसरी, भरलेली गोणी पाठीवर घेतली आणि शाळेतल्यासारखा वाकून उभा राहिला. सरांनी टोपी डोक्यावर ठेवली. पट्टा खुर्चीवर टाकून ते गोणी नीट बसवायला पुढे झाले, इतक्यात मागून काठी आपटल्याचा आवाज आला.

वांबुईची आई होती ती. सगळे तिला शोशो म्हणायचे, म्हणजे आजी. लेकीकडे चार महिन्यांसाठी आलेली, सकाळपासून घोंगडीत गुरफटून कोपऱ्यात बसलेली. तिने सरांना विचारलं, की ही टोपी कशाला?

सर म्हणाले, साहेबाची आहे. चाबूक साहेबाच्या हातात असायचा.

शोशो म्हणाली, "साहेब झाडाखाली खुर्ची टाकून बसायचा. तो कशाला घाम गाळेल? माझ्या बापाला मारलं ते मुकादमानं. मुहिंदी होता, हिंदुस्थानी. मी भाकरी घेऊन जायचे, मी बघितलंय. तुझ्यासारखाच होता. असाच बुटका."

सरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी एकदम बोलायला सुरुवात केली, की असं कुठल्या पुस्तकात नाही, आमची माणसं तिथे मजूर म्हणून आली, रेल्वेचे रूळ टाकता टाकता तापाने मेली, त्यांनाही साहेबाच्या लाथा होत्या. म्हातारी मान हलवत होती. तेही खरं आहे, म्हणाली. मेलेही आणि मारलंही. मग बापाला जिथे चाबूक बसला होता ती जागा तिने आपल्या मानेखाली बोटाने दाखवली.

किमानी अजून वाकूनच होता. गोणीखालून त्याचा आवाज आला, "म्वालिमू, माझा आजोबाही हेच सांगायचा. शाळेत असताना विचारायची हिंमत झाली नाही. तुम्ही दर वर्षी ती टोपी का घालायचात?"

आता हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला असता तर सरांनी ऐकून घेतला असता. पण किमानीने विचारला, ज्याच्या जोरावर ते इथे उभे होते त्याने, आणि सगळ्यांदेखत. केनिया, शाळा, मैदान, सगळं हातातून निसटताना त्यांना दिसलं. "उभा राहा नीट," असं ओरडून त्यांनी खुर्चीवरचा पट्टा उचलला आणि सगळा जोर लावून हाणला.

गडबडीत पट्ट्याचं दुसरं टोक हातात आलं होतं. लोखंडी हूक गोणीवरून घसरून किमानीच्या मानेखाली बसला, सदरा फाडून मांसात रुतला, आणि सरांनी हात मागे ओढला तशी कातडी वीतभर फाटत गेली. किमानीच्या तोंडून जनावरासारखा आवाज निघाला. गोणी खाली पडून फुटली.

पुढचं सगळं क्षणात झालं. किमानी वळला आणि त्याची बुक्की सरांच्या तोंडावर बसली. सर दोन खुर्च्या घेऊन मागे कोसळले, चष्मा त्यांच्याच खांद्याखाली चुरडला. किमानी त्यांच्या छातीवर गुडघा देऊन बसला आणि दोन्ही हातांनी त्याने गळा धरला. त्याच्या पाठीवरचं रक्त खांद्यावरून ओघळून सरांच्या शर्टावर पडत होतं. सरांच्या टाचा तांदळात घासत होत्या, तोंडातून दातांसकट रक्त येत होतं. तिघेचौघे पुरुष किमानीला ओढत होते, तो हलत नव्हता. वांबुई त्याची बोटं सोडवायला बघत होती, तिलाही कोपर लागून तिचा ओठ फुटला. बाहेर गवतावर खेळणारी मुलं दाराशी येऊन उभी राहिली, तशी कुणीतरी दार लावून घेतलं.

शेवटी शोशोने त्याला नावाने हाक मारली. मोठ्यानेही नाही, नेहमी मारायची तशीच. किमानीने हात काढले. तो बाजूला सरकला आणि जमिनीवर बसून धाय मोकलून रडायला लागला.

वांबुईने पिशवीतून कापूस काढला. जखम बघून म्हणाली, टाके पडतील, ताबडतोब चल. मग तिने विचारलं, की पोलिसांना बोलावू का, कारण या देशात बोलवायला हवं. किमानीने नको म्हणून मान हलवली. सर भिंतीला टेकून बसले होते. गळ्यावर बोटांचे वळ उठले होते. श्वास नीट घेता येत नव्हता, त्यातच ते उठले. टोपी पायाशी पडली होती, ती त्यांनी उचलली नाही.

"हा फटका साहेबाचा नव्हता," ते म्हणाले. "माझा होता."

वांबुईने जखमेवर कापूस दाबून धरत सांगितलं, की धडा शाळेत जाईल, पण शोशो सांगेल तसा, तिच्या आवाजात, मुकादमासकट. चाबूक वर्गात जाणार नाही. पुढचं बोलताना ती अडखळली, तेव्हा सरांनीच हात वर केला. आपणही जाणार नाही, हे त्यांना कळलं होतं.

"शोशोचं सगळं घाला," ते म्हणाले. "आणि त्याच्याखाली आजचंही घाला. माझ्या नावानिशी घाला. पुरुषोत्तम मांडके, त्याच शाळेचा मास्तर. पोरांना सांगा, की त्यानं मैदानात वर्षानुवर्षं हे शिकवलं आणि तरी त्याच्या हातून हे झालं."

शोशोने त्यांच्याकडे बघितलं आणि एकदाच मान डोलावली.

हॉल साफ करून द्यायचा असतो. सर गुडघ्यांवर बसून तांदूळ गोळा करायला लागले. रक्त लागलेला वेगळा, चांगला वेगळा. चष्मा नसल्यामुळे नीट दिसत नव्हतं. म्हातारी काठी टेकत आली, समोर बसली आणि एका ताटलीत तांदूळ घेऊन निवडायला लागली. शकु असती तर म्हणाली असती, अन्न असं सांडू नये, एवढंच सरांच्या मनात येत राहिलं.

वांबुई म्हणत होती, सरांना टॅक्सी बोलावते. किमानीने चावी उचलली. म्हणाला, इस्पितळ वाटेवरच आहे, आधी म्वालिमूंना सोडतो. तिने पुष्कळ विरोध केला, शेवटी पाठीला जाड पट्टी बांधून दिली.

गाडीत दोघांपैकी कुणीच रेडिओ लावला नाही. कोपऱ्यावरची डेअरी, म्हणजे इथलं किराणा दुकान, गेली, शाळा गेली, जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून सायकली हाणणारी पोरं गेली. किमानी स्टीअरिंगवर पुढे वाकून बसला होता, पाठ सीटला टेकवता येत नव्हती. एका वळणावर ती जरा टेकली तेव्हा त्याच्या दातांतून सिस् असा आवाज आला. सरांनी तिकडे बघितलं. किमानीने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "सोमवारी नेहमीच्याच वेळी येऊ?"

सरांनी होकारार्थी मान हलवली. मग हळूच त्यांनी आपलीही पाठ सीटवरून उचलली, हात गुडघ्यांवर ठेवले आणि घर येईपर्यंत ते तसेच पुढे वाकून, कुठेही न टेकता बसून राहिले.