कडक चाकं

दुपारी साडेतीनला हॉटेलचं शटर अर्ध्यावर आलं की शरणबसव चाकांचे बूट चढवायचा. बावीस वर्षं तो या हॉलमध्ये वेटर होता. डाव्या हातावर पाच ताटं आणि उजव्या हातात रश्श्याची बादली घेऊन तो रविवारच्या गर्दीतून असा निघायचा, की कुणाच्या बाहीला थेंब लागत नसे. तोच माणूस आता सात नंबरच्या टेबलाला दोन्ही हातांनी कवटाळून उभा होता, आणि पायाखालची चाकं त्याला न विचारता दोन दिशांना निघाली होती.

"टेबल सोडा की अण्णा," जोतिराम म्हणाला. "त्येला काय गावाला न्यायचंय का, मैंदर्गीला?"

"सोडतो रे. जरा थांब."

सोडलं, आणि डावा पाय पुढे आणि उजवा मागे गेला. मधलं जे उरलं होतं ते धप्पदिशी फरशीवर बसलं. भाकरीच्या चुलीपाशी बसलेल्या कमलम्मानं मान वर करून पाहिलं, हातातला गोळा थापटला आणि म्हणाली, "सहावं."

ती मोजत होती, याचं त्याला पडण्यापेक्षा जास्त लागलं.

हे खूळ मालकाचं. मोठे मालक रावजी घरी बसले आणि दिवाळीपासून त्यांचा मुलगा पृथ्वीराज गल्ल्यावर आला. त्यानं जुनी शहाबादी फरशी उखडून आरशासारखी पांढरी टाइल घातली, छताला निळे दिवे लावले. कुठल्याशा मोठ्या शहरात त्यानं वेटर चाकांवरून ताटं नेताना पाहिले होते. विजापूर रोडवर एवढी हॉटेलं, पण चाकांवरची सेवा कुणाकडे नाही. मग आठ जोड आले. बूट, त्याखाली पुढे दोन आणि मागे दोन चाकं. चाकं दुधासारखी पांढरी आणि संगमरवरासारखी कडक. नखानं वाजवली तर टकटक वाजायची.

"शनिवारी ट्रायल," पृथ्वीराजनं सांगितलं होतं. "किचनच्या दारापासून सात नंबरपर्यंत जायचं, परत यायचं. हातात ट्रे. रविवारपासून चालू. ज्याला जमणार नाही त्यानं पार्सलला बसायचं. काका, तुम्ही टेन्शन घेऊ नका, प्रॅक्टिस केली की येतं."

पार्सलला. किचनच्या बाजूला बोळात उघडणारी एक खिडकी होती. तिथं बसून रस्सा पिशवीत भरायचा, रबर लावायचं, पुढच्याला द्यायचा. बोळातला माणूस बसत नाही, जेवत नाही, "आज चटणी तिखट झालीय" असं म्हणत नाही. हॉलमधलं तसं नव्हतं. कुणाला भाकरी चुरून लागते, कुणाला डॉक्टरनं मीठ बंद केलंय पण घरची माणसं बरोबर नसली की तो लोणचं मागतो, हे सगळं शरणबसवला पाठ होतं. शाळा त्याची सातवीत सुटली होती. ज्याला माझं म्हणावं असं त्याला एवढंच येत होतं, आणि ते येत असल्याचं दिसायचं ते फक्त हॉलमध्ये.

पहिल्या दिवशी शिकवायला संस्कृती नावाची मुलगी आली होती. कॉलेजात शिकणारी, संध्याकाळी मुलांचे स्केटिंगचे वर्ग घेणारी. तिची स्वतःची चाकं नारिंगी होती. ती त्या टाइलवर सुद्धा वळायची, थांबायची, जणू फरशी तिला हात देत होती.

"काका, गुडघे वाकवा. पाय बदकासारखे. आणि मागे नाही ढकलायचं, बाजूला ढकलायचं. तो पाय फरशीला रेटला की दुसरा आपोआप पुढे जातो."

शरणबसवनं बाजूला रेटलं. पाय बाजूला गेला आणि जातच राहिला. दुसरा जागचा हलला नाही. पुन्हा रेटलं, पुन्हा तेच. रेटायला खाली काही असावं लागतं. याच्या खाली जणू कुणी साबण फासला होता. मुलीनं त्याचा पाय उचलून चाकावर अंगठा दाबला, तोंड वाकडं केलं आणि गल्ल्यापाशी जाऊन मालकाशी हळू आवाजात काही बोलली. बोलताना तिनं दोनदा त्याच्याकडे पाहिलं. त्यानंतर ती परत आली नाही.

काय बोलली असेल हे शरणबसवला कुणी सांगायची गरज नव्हती. पंचेचाळिशीच्या माणसाला कसलं स्केटिंग! पोरगी सभ्य म्हणून तोंडावर बोलली नाही, एवढंच.

त्यानंतरचे बारा दिवस त्यानं स्वतःला शिव्या देत काढले. गुडघे वाकवले, पाय बदकासारखे केले. वळायला गेला की मागची चाकं पुढच्यांच्या आधी वळायची. थांबायला गेला की पुढचा रबरी ब्रेक टेकायचा आणि बाकी अंग तसंच पुढं सरकायचं. डाव्या खुब्यावर वांग्याच्या रंगाचा डाग उठला. रात्री बायको, नागम्मा, कुरकुरायची, "झोपेत बी लाथा मारायलाय. चाकं काढून झोपा की ओ." तो म्हणायचा, "वय झालं, दुसरं काय." जोतिराम सव्वीस वर्षांचा. तोही पडायचा, पण हसत पडायचा, खुर्च्या धरत धरत पलीकडे पोचायचा. बाकीच्यांचंही तसंच. कुणाचीच चाकं ठरत नव्हती. पण शरणबसवला दिसत होते ते स्वतःचेच पाय.

गुरुवारी जोतिराम ट्रेमध्ये सकाळचं उरलेलं लिंबू सरबत घेऊन निघाला. नुसत्या पाण्यानं सराव करायचा त्याला कंटाळा आला होता. तीन नंबरपाशी तो ट्रेसकट आडवा झाला. फरशी कोरड्या फडक्यानं पुसली आणि जो तो आपापल्या कामाला लागला. पंख्याखाली ती जागा सुकली.

थोड्या वेळानं शरणबसव तिथून निघाला. पडायचंच आहे म्हणून अंग आधीच आखडून घेतलेलं. पाय बाजूला रेटला, चाकाखालून चर्र असा आवाज आला, आणि पाय गेलाच नाही. तो स्वतः पुढे गेला.

तो भिंतीला धरून थांबला. वळला, परत त्या जागेवर आला, परत रेटलं. परत पुढे. पलंगाएवढ्या त्या चौकोनात तो वळत होता, थांबत होता. चौकोनाबाहेर पाऊल टाकलं की पुन्हा म्हैस बर्फावर. त्यानं वाकून फरशीला बोट लावलं. चिकट होती. साखर.

शुक्रवारी सकाळी तो सगळ्यांच्या आधी आला. पोछ्याच्या बादलीत दोन वाट्या साखर विरघळवली आणि किचनच्या दारापासून सात नंबरपर्यंत एक पट्टा पुसून काढला. दुपारी त्या पट्ट्यावरून तो गेला, आला, गेला, आला. बाजूला रेटायचं म्हणजे काय ते पायाला एकदम कळलं, जसं सायकल शिकताना कळतं. कमलम्मानं भाजती भाकरी तशीच ठेवली.

"अय्यो बसण्णा, आज कुणाचे पाय आणलेस रे?"

त्याला हसू आलं, पण मनात खुटखुट होतीच. ही साखर म्हणजे लबाडीच की. खऱ्या शिकलेल्याला साखर लागत नाही. म्हणून तो कुणाला काही बोलला नाही. शनिवारी सकाळी पुन्हा पट्टा पुसला आणि ट्रायलला चार भरलेले ग्लास नेऊन आणले. पृथ्वीराजनं टाळी वाजवली. "बघा काका! मी म्हणालो होतो ना? प्रॅक्टिस!"

रविवारी संध्याकाळी सातला हॉल भरला. लाल शर्ट, निळे दिवे, लोक मोबाइल काढून शूटिंग करत होते. शरणबसवनं या वेळी सगळ्याच हॉलला साखरपाणी फिरवलं होतं, बाकीच्या वेटरांनाही सोपं जाईल म्हणून. पहिल्या चार फेऱ्या लोण्यासारख्या गेल्या.

मग चपला वाजायला लागल्या. चट्, चट्, चट्. प्रत्येक पावलाला. हात धुवायच्या बेसिनखालून मुंग्यांची एक काळी रांग निघाली आणि पाच नंबरकडे चालू लागली. दर रविवारी लेकीसुनांना घेऊन येणाऱ्या केराबाई उठल्या, त्यांचा पाय पुढं आला आणि चप्पल मागंच राहिली.

"अगं बया, चप्पल धरली की माजी कुनी!"

सगळा हॉल हसला. पृथ्वीराज हसला नाही. त्यानं वाकून टाइलला बोट लावलं आणि किचनच्या दाराशी आला. शरणबसव तिथं चार ताटं घेऊन निघतच होता.

"काय सांडलंय फरशीवर?"

सरबत म्हणता आलं असतं. जीभ उचललीही होती.

"साखर हाय मालक. मीच पुसलीय."

"डोकं ठिकाणावर आहे का काका? उद्घाटनाच्या दिवशी? जोतिराम! साबणपाणी घे, आत्ताच्या आत्ता."

जोतिराम बूट काढून बादली घेऊन धावला. गिऱ्हाइकं पाय वर घेऊन बसली आणि पोछा फिरला. शरणबसव दाराची चौकट धरून हातावर चार ताटं सांभाळत उभा होता, आणि त्याच्यासमोर टाइल पुन्हा आरसा होत होती. एक पाय त्यानं पुढे टाकून पाहिला. गेला. कसाबसा ओढून आणला.

"मालक, चाकं धरत न्हाईत. साखरंबिगर जमायचं न्हाय. माजं वय—"

"वयाचं नाही हो," पृथ्वीराज वैतागून म्हणाला. त्याचं लक्ष मुंग्यांकडे होतं. "चाकंच कडक आहेत. ती संस्कृती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, आतल्या फरशीला मऊ पाहिजेत, ही बदला. पण मऊ चाकांनी टाइलवर काळे पट्टे उठतात म्हणे. नवी टाइल आहे. म्हटलं, सांभाळून घेतील सगळे."

"पहिल्याच दिवशी?"

"हो. का?"

"मला का न्हाय सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं काका? चाकं तीच राहणार होती."

काय झालं असतं! त्या पोरीनं वाकडं केलेलं तोंड, बारा दिवसांच्या शिव्या, खुब्यावरचं वांगं, सगळं एकदम त्याला आठवलं. बोलायला बरंच होतं. पण चारचौघांत आवाज चढवायची त्याला कधी सवयच नव्हती. त्यानं ताटं दाराशेजारच्या कट्ट्यावर ठेवली आणि दारातच खाली बसकण मारून नाडी सोडायला लागला. नाडी सुटेना. सकाळी घट्ट हवी म्हणून दोन गाठी मारल्या होत्या. अख्खा हॉल बघत होता, कुणीतरी मोबाइल रोखलेला होता, आणि त्याची नखं त्या गाठीवरून नुसती घसरत होती. दातांनी ओढावी का, असंही एकदा मनात आलं. शेवटी गाठ तशीच ठेवून त्यानं बूट टाचेतून उपसून काढले.

मोज्यांवरच तो उठला, ताटं घेतली, ओल्या फरशीवरून पाच नंबरला गेला, वाढून आला. थेंब सांडला नाही. मोजे मात्र ओलेकच्च झाले.

"काका," पृथ्वीराज खालच्या आवाजात म्हणाला, "हॉलमध्ये चाकांशिवाय नाही चालणार. एकाला सूट दिली की सगळे बूट काढतील."

"काढू द्या की."

"काका."

"मग मऊ चाकं आना. तवर मी ही घालनार न्हाय."

एवढं ठणकावून तो कुठल्याच मालकाशी बावीस वर्षांत बोलला नव्हता. पृथ्वीराजनं टाइलकडे पाहिलं, मग भरलेल्या हॉलकडे. मग हातानं बोळाच्या बाजूला दाखवलं.

पार्सलच्या खिडकीत ट्यूबलाइट फडफडत होती. स्टूल उंचीला कमी होतं. शरणबसवनं ओले मोजे काढून खिळ्याला टांगले आणि रस्सा पिशवीत भरायला घेतला. पहिल्या पिशवीचं रबर तुटलं. मागून हॉलमध्ये काहीतरी आदळल्याचा आवाज आला, पाठोपाठ जोतिरामचं हसणं. त्यानं मान वळवली नाही.

खिडकीबाहेर शिवप्पा उभा होता, चौकातला पानपट्टीवाला, दर आठवड्याला हॉलमध्ये बसून जेवणारा. आज त्याला घाई होती.

"अण्णा, तुमी हितं कसं काय?"

"चाकं कडक हायेत," शरणबसव म्हणाला. आणि मग त्याला थांबता येईना. "माजं काय चुकलं न्हवतं शिवप्पा. त्या फरशीला मऊ चाकं लागतात. पाय रेटला की ही धरतच न्हाईत. पोरगी पहिल्या दिवशी सांगून गेलती. बारा दिस मी आपला—"

शिवप्पानं मोबाइलमधून डोकं वर काढलं.

"व्हय व्हय," तो म्हणाला. "शेंगाचटणी टाकली न्हवं?"