पितळी माप

आईला त्या कोठाराचा वासच सोसत नव्हता. आंबट, कुजकट, मेला नाकात मुक्काम ठोकून बसणारा! पूर्वी इथे गहू असायचा. कोपरापर्यंत हात खुपसला तरी कसा थंडगार, कोरडा लागायचा. आता लेकाच्या वाइनच्या स्टीलच्या टाक्या, हंगामात दारात द्राक्षांच्या चोथ्याचा ढीग आणि त्यावर घोंघावणारी चिलटं. चहासुद्धा चिलटं गाळून प्यावा लागे. लेक म्हणायचा, "आई, वास काय म्हणतेस, सुगंध म्हण." कसला डोंबलाचा सुगंध!

एवढं सगळं शेत वाइनच्या द्राक्षांखाली गेलं, तिने ब्र काढला नाही. मागितलं काय, तर विहिरीजवळचा एक तुकडा गव्हासाठी. सासूने हाती दिलेलं घरचं बियाणं दरवर्षी मातीत जायला हवं, एवढंच. "तो तुकडा तुझा, आई. हात नाही लावणार," असं लेकाने चांगलं तोंड भरून सांगितलं होतं.

पेरणी उद्यावर आली आणि बियाणं मोजायचं पितळी माप सापडेना. सासूच्या वेळचं माप. घरात त्याला कुणाचा पायही लागू देत नसत. तिने माळा उपसला, कपाटं धुंडाळली, शेवटी नाक दाबून कोठारात गेली.

आत पाहुणे आले होते. लेक त्यांना वाइनची चव घ्यायला शिकवत होता. त्याने घोट घेतला, गालात खळखळून फिरवला आणि टेबलावरच्या भांड्यात पचकन थुंकला. मागोमाग पाहुणे. एकापाठोपाठ एक. पचक, पचक.

भांडं म्हणजे तिचंच माप.

आत गुलाबी फेसाळ थुंकी काठोकाठ आली होती, वर पावाचा चावलेला तुकडा तरंगत होता. शी! पाहुणे गेल्यावर तिने लेकाला गाठलंच.

"थुंकायला तुला हेच मिळालं, मेल्या?"

"अगं, जुन्या वस्तू आवडतात लोकांना. आणि वाइनची चव घेऊन थुंकतातच सगळीकडे, त्यात काय एवढं? धुतलं की झालं! तसंही आता ते आपल्याला कशाला लागणार..."

त्याने जीभ चावली, पण उशीर झाला होता. आईने दाराबाहेर पाहिलं. विहिरीजवळच्या तुकड्यात वेलींसाठी आणलेल्या नव्या खांबांची थप्पी होती. सकाळीच उतरवली असणार. तिला एकदम त्या थुंकीपेक्षा लेकाचीच जास्त किळस आली. पोटच्या पोराची! तिने माप उचललं, हात लांब धरून नळावर नेलं आणि राखेने तीनदा घासलं.

दुपारी लेक जेवायला बसला. आईने पुढ्यात ताट मांडलं, ताटात ते माप ठेवलं आणि त्यात काठोकाठ गरम रस्सा ओतला.

"हे काय?"

"धुतलंय."

"आई, अगं..."

"राखेने. तीनदा. त्यात काय एवढं?"

त्याने चमचा बुडवला, ओठांपर्यंत नेला. सकाळी पहिला तोच थुंकला होता. त्याचा चेहरा वाकडा झाला, चमचा परत आत पडला.

"खांब संध्याकाळपर्यंत उचलतो," तो खाली बघत म्हणाला आणि उठू लागला.

आईने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"आधी जेव."